ॲक्सियल की वेस्ट माता?

समुद्रतळावरचा लाव्हा समजून घ्यायचा तर समुद्राखालच्या ज्वालामुखींची ही दोन नावं येतातच. ॲक्सियल अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापासून साधारण ४८० किमीवर, माथा १४०० मीटर खोल, १९९८, २०११ आणि २०१५ ला फुटलाय. एवढ्या खाली पाण्याचा दाब इतका की लाव्हातल्या गॅसला फुगायला फारसा वावच नाही, म्हणून लाव्हा नुसता पसरत जातो, भरभर आला तर चादरीसारखा, हळू आला तर उशांसारखे गोळे. १९९८ ला तर एक मोजयंत्र त्यातच अडकलं, लाव्हावर लगेच साय धरली, आत लाव्हा भरत गेला तसं यंत्र सुमारे ३ मीटर वर उचललं गेलं, मग ओसरला तसं खाली आलं, आणि पुढच्या वर्षी बाहेर काढलं तर नोंदी शाबूत! वाचून अंगावर काटा आला होता.

वेस्ट माता सामोआ-टोंगाच्या भागात. खोली १२०० मीटर, म्हणजे फार फरक नाही, पण स्वभाव एकदम वेगळा. इथे पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली जाते, तिच्यातलं पाणी मॅग्मात, म्हणजे खोलवरच्या वितळलेल्या खडकात मिसळतं, त्यामुळे गॅस भरपूर आणि एवढ्या दाबातही स्फोट होतात. मे २००९ मध्ये जेसन या रोबोने लालभडक लाव्हाचे मोठाले बुडबुडे फुटताना शूट केलेत, आणि तेव्हा जवळच कोळंबी राहत होती.

बघायला वेस्ट माता भारी, पण शिकायला मी ॲक्सियलच सांगेन, कारण तिथली यंत्रं केबलने जोडलेली आहेत, २०१५ चा उद्रेक चालू असतानाच किनाऱ्यावर डेटा येत होता.