संगणक अभियांत्रिकी की भौतिकशास्त्र: पुणे-मुंबईतल्या वाटांची तुलना

बारावी विज्ञानाच्या ज्या मुलांना गणित आवडते, प्रोग्रॅम लिहिता लिहिता संध्याकाळ कधी सरली ते कळत नाही आणि तरीही भौतिकशास्त्राचा तास चुकवावासा वाटत नाही, त्यांच्या घरी मे-जून महिन्यांत एकच चर्चा चालू असते: सीईटीला पर्सेंटाइल चांगले पडले आहे, मग कॉम्प्युटर सोडून दुसरे काही घ्यायचेच कशाला? कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे ही चर्चा मी अनेक पालकांबरोबर केली आहे. कॉलेजांची नावे कटऑफच्या उतरत्या क्रमाने मांडून हा प्रश्न सुटत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्या ठिकाणी मुलाचा आठवडा प्रत्यक्षात कसा जाईल आणि पुढे मत बदलले तर परत फिरायला वाट उरेल का, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

त्याआधी मूल कोणत्या प्रकारचे आहे हे थोडे तरी कळायला हवे. त्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला देतो. पायथनमध्ये वीसेक ओळींत लंबकाची आंदोलने काढायची: प्रत्येक टप्प्याला जुना कोन आणि जुना वेग घ्यायचा, त्यांवरून नवा कोन आणि नवा वेग काढायचा आणि पुढे जायचे. प्रोग्रॅम चालतो, पण थोड्या वेळाने लंबकाचे झोके आपोआप मोठे होत जातात; जणू कोणी त्याला सारखे ढकलत आहे. गेल्या वर्षी एका मुलाने हे पाहिले, टप्पा लहान केल्यावर दोष कमी होतो हे त्याच्या लक्षात आले, मग त्याने टप्पा कमी-जास्त करायला पडद्यावर सरकपट्टी दिली, प्रोग्रॅम वेगवान केला आणि तो खुशीत दाखवायला घेऊन आला. त्याच वर्गातली एक मुलगी आठवडाभर एकाच प्रश्नावर अडून बसली होती: ही ऊर्जा येते कुठून? नवा वेग आधी काढून कोनासाठी तोच वापरला की झोके वाढायचे थांबतात, हे तिला सापडले आणि मग ते का थांबतात याने तिला आणखी आठवडाभर झोप लागू दिली नाही. दोघेही हुशार आहेत आणि दोघांनाही ‘कॉम्प्युटर आवडतो’, पण दोघांना एकाच कॉलेजात घालणे मला चुकीचे वाटते.

पहिल्या मुलासाठी संगणक अभियांत्रिकी ही सरळ आणि चांगली वाट आहे. १८५४ पासूनची परंपरा असलेले आणि २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालेले पुण्याचे सीओईपी, १८८७ मध्ये स्थापन झालेले माटुंग्याचे व्हीजेटीआय आणि धनकवडीचे पीआयसीटी ही नावे आपल्याकडे प्रथम घेतली जातात. येथे चार वर्षांत डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, डेटाबेस, नेटवर्क हे विषय क्रमाने शिकवले जातात, बरोबरचे विद्यार्थी तयारीचे असतात आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या कॉलेजात येतात. पालकांनी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. अभियांत्रिकीत भौतिकशास्त्र साधारणपणे पहिल्या वर्षापुरतेच असते, आणि तेही लेझर, अर्धवाहक, ध्रुवीकरण अशा निवडक प्रकरणांपुरते. पुंज यांत्रिकी, सांख्यिकीय भौतिकी किंवा विद्युतचुंबकत्व पूर्ण खोलीने शिकण्याची संधी संगणक शाखेच्या वेळापत्रकात नसते. ‘आधी इंजिनिअरिंग कर, फिजिक्स नंतर बघू’ असे सांगताना हे ‘नंतर’ स्वतःच्या रात्री जागून भरून काढायचे आहे, हे मुलाला आधी सांगितले पाहिजे.

त्या मुलीसारख्यांसाठी पाषाणची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि कालिन्याच्या विद्यापीठ परिसरातले सेब्स (मूलभूत विज्ञानांचे उत्कृष्टता केंद्र) या दोन संस्था महाराष्ट्रातच आहेत आणि तरीही अनेक घरांत त्यांची नावे बारावीच्या निकालानंतर प्रथमच ऐकली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आयसर पुणे २००६ मध्ये सुरू झाली. तेथील बीएस-एमएस हा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम असून सुरुवातीला सर्वांना जीवशास्त्रासह सगळ्या मूलभूत विज्ञानांचे विषय घ्यावे लागतात. नंतर विद्यार्थी आपला कल पाहून विषय निवडतो आणि शेवटचे वर्ष एका संशोधन प्रकल्पाला देतो. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ मध्ये उभे केलेले सेब्स आकाराने खूपच लहान आहे. तेथे पाच वर्षांच्या एकात्मिक एमएस्सीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चार प्रवाह आहेत आणि टीआयएफआर व बीएआरसी या संशोधन संस्थांचे शास्त्रज्ञ शिकवायला येतात. ज्याला मोठा परिसर, अनेक विषयांची मुभा आणि मत बदलायला अवधी हवा, त्याला आयसर मानवेल. ज्याचे भौतिकशास्त्र ठरलेलेच आहे आणि ज्याला मोजक्या विद्यार्थ्यांच्या वर्गात थेट शास्त्रज्ञांसमोर बसायचे आहे, त्याने सेब्सचा विचार अधिक गांभीर्याने करावा.

‘भौतिकशास्त्र घेतले तर कॉम्प्युटर सुटेल’ ही भीती मला सर्वांत निराधार वाटते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. त्या दुर्बिणीतून पडद्यावर तयार चित्र येत नाही. तबकड्यांच्या प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी पडताळावे लागतात, आणि ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. हे सगळे काम संगणक करतो आणि त्यातून आकाशाचे चित्र काढणारे प्रोग्रॅम भौतिकशास्त्र शिकलेली मुलेही लिहितात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तेथे सर्वसामान्यांना प्रवेश असतो; अकरावीतच मुलाला घेऊन एकदा जाऊन यावे.

तिसरी वाट बीएस्सीची. फर्ग्युसन, स. प., झेवियर्स, रुईया या कॉलेजांत भौतिकशास्त्राचे चांगले शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या झाले आहेत, शुल्क आवाक्यातले असते आणि घरी राहून शिकता येते. येथे संशोधनाचे वातावरण आपोआप मिळत नाही, ते शोधावे लागते. पण शोधणाऱ्याला सोयी आहेत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा ‘नियस’ उपक्रम, आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेची उन्हाळी शाळा, विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती या सगळ्यांचे दरवाजे बीएस्सीच्या मुलांनाही उघडे आहेत. त्यामुळे बीएस्सी म्हणजे ‘काहीच मिळाले नाही म्हणून’ हा समज मी मानत नाही. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सबद्दल मात्र सावध राहावे. हा वर्ग बऱ्याच कॉलेजांत विनाअनुदानित असतो, त्यामुळे शुल्क साध्या बीएस्सीपेक्षा बरेच जास्त असते, आणि शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, याची चौकशी केल्याशिवाय पैसे भरू नयेत.

प्रवेश परीक्षांची तऱ्हा वेगळी असल्याने त्यांचा निर्णय बारावीच्या दोन सत्रांमधल्या सुट्टीतच घ्यावा लागतो. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाच्या सीईटीत १५० प्रश्नांना २०० गुण असतात, गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. म्हणजे वेगाला महत्त्व आहे. आयसरच्या आयएटी परीक्षेत ६० प्रश्न असतात, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक वजा होतो. जीवशास्त्र सोडलेल्या मुलाला त्यामुळे ४५ प्रश्नांवरच मदार ठेवावी लागते, निदान दहावीचे जीवशास्त्र तरी उजळून जावे. सेब्ससाठीच्या नेस्ट परीक्षेत चारपैकी सर्वाधिक गुणांचे तीन विभाग धरले जातात, तेथे ही अडचण येत नाही. शिवाय आयसरची जागा स्वीकारण्याची मुदत आणि अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्या एकमेकींसाठी थांबत नाहीत. कॅपमध्ये पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते, म्हणून पसंतीक्रम भरताना पहिल्या ओळीत काय लिहायचे हे घरात आधीच ठरलेले असावे.

खर्चाचा हिशेब केवळ शुल्कावरून करू नये. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत लागू नाही. दुसरीकडे मूलभूत विज्ञान घेणाऱ्या गुणवंतांना केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजार रुपयांची आहे, आणि तिच्या विषयांच्या यादीत भौतिकशास्त्र आहे, गणित आहे, संख्याशास्त्र आहे, पण संगणकशास्त्र नाही. एकाच कॉलेजात शेजारच्या दोन वर्गांत बसलेल्या मुलांच्या खर्चात यामुळे मोठा फरक पडू शकतो.

याहून मोठा हिशेब वर्षांचा आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी बाविसाव्या वर्षी कमवायला लागू शकतो. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी तेविसाव्या वर्षी एमएस होतो, पुढे पीएचडी केली तर सुरुवातीला महिन्याला ३७ हजार रुपयांची विद्यावृत्ती आणि नियमानुसार घरभाडे मिळते, आणि स्थिर नोकरीपर्यंत तिशी जवळ येते. ज्या घरात वडिलांची निवृत्ती तोंडावर आहे आणि धाकटे भावंड शिकायचे आहे, त्या घराने हा हिशेब मुलासमोर उघडपणे मांडावा. तो लपवून नंतर मुलाला दोष देणे अन्यायाचे आहे.

परतीच्या वाटांचे पारडे मात्र भौतिकशास्त्राकडे झुकते. भौतिकशास्त्र शिकून संगणकाकडे वळण्यासाठी एमसीए आहे, डेटा सायन्सचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत आणि प्रोग्रॅमिंग येत असेल तर थेट नोकऱ्याही आहेत. उलट दिशेने जाता येत नाही असे नाही. भौतिकशास्त्रातील संशोधनाच्या प्रवेशासाठीच्या जेस्टसारख्या परीक्षा देऊन अभियंते भौतिकशास्त्रात येतात, पण त्यांना चार वर्षांचा पाया नोकरी किंवा प्रकल्प सांभाळत स्वतः घालावा लागतो. म्हणून ज्या मुलाचे मन खरोखर पन्नास-पन्नास टक्के विभागलेले आहे आणि ज्याच्या घरी पाच वर्षे थांबण्याची सोय आहे, त्याने आयसर किंवा सेब्स आधी धरावे, असे मी सांगतो. जेईई अॅडव्हान्स्डला वरचा क्रमांक असेल तर पवईच्या आयआयटीतला इंजिनिअरिंग फिजिक्स हा बीटेक दोन्ही बाजू सांभाळतो. ज्याला संगणकशास्त्रातले गणितच भावते, त्याने चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची गणित व संगणकशास्त्राची पदवी जरूर पाहावी.

जागा पक्की करण्याआधी त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला मुलाने स्वतः भेटावे, पालकांनी बाहेर थांबावे. गेल्या आठवड्यात सोमवारपासून शनिवारपर्यंत काय काय केले, प्रयोगशाळेचे दार संध्याकाळी किती वाजता बंद होते, शेवटचा प्रोग्रॅम कशासाठी लिहिला, एवढेच विचारावे आणि उत्तरे वहीत लिहून आणावीत. दोन कॉलेजांच्या अशा दोन वह्या समोर ठेवल्या की कोणते पान वाचताना मुलाचा चेहरा खुलतो, हे आईवडिलांना लगेच दिसते.