पातीचा कांदा: बरणीत, फडक्यात की फ्रीजरमध्ये?

कांदा कसा टिकवायचा हे नाशिककरांना कुणी शिकवायची गरज नाही. लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यात उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर छपरीत, महिनोन्‌महिने राहतो. पण चाळीतलं हे शहाणपण पातीच्या जुडीला लावलं तर उलटं पडतं. चाळीत जाणाऱ्या कांद्याची मान सुकलेली असते, वरची सालं कडक झालेली असतात आणि आतली वाढ थांबलेली असते. पात मात्र उपटल्यावरही जिवंत असते, वाढत असते, पानापानातून पाणी सोडत असते. म्हणून चाळीला लागते कोरडी, खेळती हवा, तर पातीला लागतो गारवा आणि दमटपणा. कांद्याच्या टोपलीतच ठेवलेली जुडी दुसऱ्या दिवशी मान टाकते ती यामुळे.

व्यापारी शीतगृहात पातीसाठी ० अंशाच्या आसपास तापमान आणि ९५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता ठेवतात. घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर चालतो आणि आतली हवा बऱ्यापैकी कोरडी असते. घरगुती पद्धती सगळ्या ही कसर भरून काढण्यासाठीच आहेत. अडचण एकच: दमट हवा पातीला मानवते, पानांवर साचलेलं पाणी नाही. तिथूनच ती चिकट व्हायला लागते.

बरणीची पद्धत दिसायला सगळ्यात छान. मुळं बुडतील एवढंच, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर पाणी घालायचं आणि जुडी उभी ठेवायची. पात ताठ राहते, थोडी वाढतेही. मुळं शाबूत हवीत, ही पहिली अट. विक्रेत्याने मुळं छाटून दिली असतील तर या वाटेला जाऊ नका. दुसरी अट पाण्याची. ते दिवसाआड बदलावं लागतं आणि मुळं धुवावी लागतात, नाहीतर बरणीतून असा वास येतो की ओट्याजवळ उभं राहवत नाही. आणि नाशिकमध्ये ऋतू बघूनच बरणी बाहेर ठेवायची. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत झळकत असतो, तेव्हा शहरातलं स्वयंपाकघरही पुरेसं गार असतं. ओट्यावर चार-पाच दिवस सहज निघतात. एप्रिलमध्ये हाच प्रयोग केलात तर एका रात्रीत पाणी गढूळ होतं. उन्हाळ्यात बरणी फ्रीजमध्येच ठेवा, वरून पातळ पिशवी सैल घालून. अशी निगा राखली तर दीड आठवड्यापर्यंत पात चांगली राहते, पण त्यासाठी फ्रीजमध्ये हातभर उंचीची मोकळी जागा लागते. चार माणसांच्या घरात ती कुठून आणायची?

म्हणून माझं मत फडक्याच्या बाजूने आहे. जुडीची सुतळी किंवा रबर आधी काढा. दाबलेल्या जागीच पात पहिल्यांदा कुजते. पिवळी, मोडलेली, चिकट पानं वेगळी करा. धुऊ नका. माती असेल तर झटका. मुळं कापायची नाहीत. जुन्या सुती साडीचा किंवा पंचाचा तुकडा भिजवून कडकडीत पिळा, त्यात पात सैल गुंडाळा, अर्धवट उघड्या पिशवीत घाला आणि भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. आठवडाभर निश्चिंत. मध्येच एकदा उघडून बघा, फडकं वाळलं असेल तर पुन्हा ओलसर करा. पावसाळ्यात बाजारातून जुडी आधीच भिजून येते. तेव्हा ती पंख्याखाली सुकवायची आणि कोरड्याच फडक्यात गुंडाळायची. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती मोडलेली बरी: छपाईच्या शाईमुळे अन्न वर्तमानपत्रात गुंडाळायला अन्नसुरक्षा नियमांतच मनाई आहे.

या दोन्हींत निवड करताना दिवस मोजण्यापेक्षा आपली सवय बघा. रोज मिसळीवर किंवा भाकरीसोबत कच्ची पात लागते आणि पाणी बदलायची आठवण राहते, अशा घराला बरणी सोयीची. रविवारी भाजी आणून गुरुवारी पीठ पेरून परतणाऱ्याने बरणीच्या फंदात पडू नये.

फ्रीजरचा हिशेब वेगळा आहे. थंडीत स्वस्त झालेल्या तीन-चार जुड्या एकदम आणल्या असतील तर त्याला पर्याय नाही. पात धुवा, पूर्ण कोरडी करा (हे टाळलंत तर नंतर बर्फाची वीट फोडत बसाल), चिरा, ताटात पसरून गोठवा आणि मग डब्यात किंवा झिपच्या पिशवीत भरा. उकळत्या पाण्यातून काढायची गरज नाही. तीन-चार महिने चव बरी राहते. पण गोठताना पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होतात, पेशी फाटतात, आणि बाहेर काढल्यावर पात लुळी पडते. कोशिंबिरीला ती कामाची नाही. झुणका, थालीपीठ, सूप, फ्राइड राइस यांत मात्र डब्यातून थेट गरम कढईत टाका, फरक फारसा कळत नाही. वितळवत ठेवलीत तर चोथा होतो. आणि तुमच्या भागात वीज वरचेवर तासन्‌तास जात असेल तर एवढा साठा करू नका.

चिरून फ्रीजमध्ये ठेवणं ही सकाळी डबा करणाऱ्यांची सोय, टिकवण्याची पद्धत नव्हे. दोन-तीन दिवस, तेही घट्ट झाकणाच्या डब्यात. वाळवून ठेवलेल्या पातीत रंग थोडा उरतो, वास नाही. मी ती यादीतच धरत नाही.

वासावरून एक खास नाशिकची सूचना. पातीचा वास द्राक्षं ओढून घेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाची पेटी घरी आली की भाजीच्या कप्प्यात दोन्ही शेजारी जातात आणि मग द्राक्षाला कांद्याची चव येते. द्राक्षं वरच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा. उलट बाजूने केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो यांच्यापासून पात लांब ठेवा. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पानं लवकर पिवळी पडतात.

टाकून देण्याआधी एक बघा. हिरव्या नळीच्या आत पारदर्शक बुळबुळीत रस असतो, तो पातीचा स्वतःचाच. तो बघून चांगली पात फेकणारे बरेच आहेत. बाहेरून चिकट, पिवळट आणि आंबूस वासाची असेल तरच ती गेली समजा.

गॅलरीत ऊन येत असेल तर वरच्या सगळ्या पद्धतींना जोड म्हणून कुंडी आहेच. वापरलेल्या पातीचा मुळाकडचा दोन बोटं तुकडा मातीत खोचा, दीड-दोन आठवड्यांत नवी पात कापण्याजोगी होते. दुसऱ्या-तिसऱ्या कापणीला ती बारीक होत जाते, तेव्हा बदला. पावसाळ्यात टोपलीतल्या जुन्या कांद्यांना कोंब फुटतात, तेही तसेच लावता येतात. एवढ्यावर अख्ख्या घराची भाजी होणार नाही, पण मिसळीवर भुरभुरायला पुरते आणि तेवढ्यासाठी आख्खी जुडी आणावी लागत नाही.