पाण्यात गेलेली गोल्फ कार्टची मोटर आणि भोसरीचे रिवाइंडिंगवाले काका

आधीच सांगतो, लांब लिहिणारे. चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते पुढं येईलच.

आमचं मुळशीकडं छोटंसं अ‍ॅग्रो टुरिझम आहे. पार्किंगपासून खोल्यांपर्यंत चांगलाच चढ आहे, त्यामुळे गेस्टमध्ये आजी-आजोबा असले की त्यांना वर न्यायला एक सहा सीटर इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट ठेवलीये, बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून सेकंडहँड घेतलेली, ४८ व्होल्ट, जुन्या पद्धतीची कार्बनवाली (आत कार्बनचे ब्रश घासतात ती) डीसी मोटर. २५ जुलै २०२४ ला, म्हणजे पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं त्याच दिवशी, आमचा ओढा पण शेडमध्ये आला. बॅटऱ्या आणि कंट्रोलर (मोटरला करंट किती द्यायचा ते ठरवणारा डबा) सीटखाली असतात, ते वाचले. पण मोटर मागच्या अ‍ॅक्सललाच चिकटलेली, जमिनीपासून वीतभर वर, ती रात्रभर गढूळ पाण्यात बसली.

आता माझा गाढवपणा ऐका. पाणी ओसरलं, पाऊस जरा उघडला, मी मोटर वरून फडक्यानं पुसली आणि बघू तरी म्हणून चावी फिरवली. गाडी दोन फूट सरकली, मागून जळका वास आला आणि ठप्प. बॅटरीची वायर काढून ठेवून गप्प बसायचं, एवढंच काम होतं, तेही जमलं नाही.

पहिला फोन एका डीलरला केला, नाव लिहीत नाही. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघूनच निकाल दिला, मोटर आणि कंट्रोलर दोन्ही बदला, १ लाख १८ हजार आणि वर जीएसटी. अरे पण कंट्रोलर कोरडा ठणठणीत आहे म्हणलं तर म्हणे रिस्क नको सर. अख्खी गाडी मी १ लाख ६० ला घेतलेली! बायको म्हणाली त्यापेक्षा बैलगाडी ठेव, गेस्ट फोटो तरी काढतील.

मग विहिरीची मोटर भरून देणाऱ्याकडून भोसरी एमआयडीसीतल्या या काकांचा पत्ता मिळाला. मागच्या गल्लीत आहे, बोर्डावर फक्त मोटर रिवाइंडिंग एवढंच लिहिलंय, आत पाय ठेवायला जागा नाही. पण एका कोपऱ्यात फोर्कलिफ्टच्या मोटारी दिसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण त्या पण बॅटरीवर चालणाऱ्या डीसीच असतात, म्हणजे काकांना आपलं काम नवीन नाही. एका बाजूला बेअरिंगच नाही हे बघून मीच घाबरलो होतो, वाटलं आमच्या वायरमननं काढताना हरवलं. काका म्हणाले, "साहेब, हिला एकच बेअरिंग असतं, दुसरं टोक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं."

सिरीज लॅम्प (टेस्टिंगचा बल्ब) लावला तर बॉडीला अर्थ येत होता, म्हणजे करंट बाहेरच्या लोखंडात उतरत होता, मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) काटा जवळजवळ शून्यावर. मला वाटलं झालं, आता म्हणतील पूर्ण रिवाइंड, म्हणजे सगळी तार काढून नवीन भरायची. आणि म्हणले असते तर मी मुकाट दिले पण असते, मला काय कळतंय त्यातलं. तर काका म्हणतात, "आधी आंघोळ घालू, मग बघू." आणि खरंच आर्मेचर (आतला फिरणारा भाग), फील्ड कॉइल (बाहेरची न फिरणारी गुंडाळी) सगळं सुटं करून स्वच्छ पाण्यानं धुतलं हो! मी म्हणलं अहो पाण्यानंच तर वाट लागलीये. तर म्हणे पाणी वाळून जातं, चिखल आणि कार्बनची पावडर मिळून जो लगदा बसतो तो वाळत नाही, करंट त्याच्यातनंच बॉडीला जातो, तांब्याला काही झालेलं नाही. मग ब्लोअर मारला आणि रात्रभर भट्टीत, शंभर डिग्रीच्या आसपास, जास्त नाही, नाहीतर जुनं इन्सुलेशन जातं. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मेगर ५ मेगओहमच्या वर दाखवत होता. आर्मेचर ग्राऊलरवर (ते तपासायचं चुंबकाचं यंत्र) ठेवून वर हॅक्सॉचं पातं धरून फिरवलं, एखादी कॉइल आतनं शॉर्ट असली की पातं थरथरतं म्हणे, ते कुठंच थरथरलं नाही.

नुकसान झालं होतं ते मी चावी फिरवली तिथंच, कम्युटेटरच्या (ज्याच्यावर कार्बन घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची रिंग) दोन पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. लेथवर हलका कट मारून तो साफ केला, पट्ट्यांमधला मायका (इन्सुलेशनचा थर) खोल केला, चार कार्बन नवीन, बेअरिंग नवीन, वार्निश आणि परत भट्टी. टेस्टिंग १२ व्होल्टच्या बॅटरीवर केलं. मी म्हणलं ४८ वर लावा की, तर काका असे बघायला लागले की विचारू नका. सिरीज मोटर (फील्ड आणि आर्मेचर एकामागोमाग जोडलेली, आमची तीच) मोकळी फिरवली तर स्पीड वाढतच जातो, शेवटी आर्मेचरचं वाइंडिंग बाहेर फेकलं जातं, म्हणून लोडशिवाय फुल व्होल्टेज द्यायचं नाही.

सगळे मिळून ८,४०० घेतले. रिवाइंडिंगचे किती झाले असते विचारलं तर १७ हजार. सांगितले असते तर मला पत्ता पण लागला नसता, चार स्टार त्याचेच आहेत.

पाचवा कापला कारण चार दिवस सांगून अकरा दिवस लावले, सीझनमध्ये गाडी बंद. फोन उचलत नाहीत, दुपारी चारला पण काका जेवायला गेलेले असतात आणि सहाला पण. बिल साध्या कागदावर, गॅरंटी तीन महिने, "पाण्याची नाही" हे हसत हसत सांगितलं. बसवायला कोणी येत नाही.

बसवायची वेगळीच गंमत. आमच्या वायरमननं काढताना वायरींवर खुणाच केल्या नव्हत्या, ए१ ए२ (आर्मेचरची) एस१ एस२ (फील्डची) अशी चार टोकं, अंदाजानं जोडली, फॉरवर्ड टाकलं तर गाडी मागं, चुलतभाऊ थेट कोंबड्यांच्या खुराड्यात. बॅटरी उलटी लावून बघू असं चाललं होतं पण तेवढ्यात नशिबानं काकांनी फोन उचलला. बॅटरीला हात लावू नका म्हणाले, त्यानं सिरीज मोटरची दिशा बदलत नाही, उगाच कंट्रोलर जाळाल, फक्त एस१ एस२ अदलाबदल करा. दोन मिनिटांत सरळ.

वर्ष उलटून गेलं, गाडी रोज चढतीये. मध्ये एकदा कार्बन काढून बघितले, झिजलेत पण एकसारखे.

तुमची नवीन एसी मोटरवाली कार्ट असेल तर जाण्याआधी विचारा, वाइंडिंग करतो म्हणतात पण त्यातली सेन्सरवाली बेअरिंग तुम्हालाच शोधून आणावी लागेल, कंट्रोलर तर ते उघडतच नाहीत. सकाळी अकराच्या आत गेलात तर काका भेटतात. आणि गुरुवारी जाऊ नका, एमआयडीसीला सुट्टी असते, मी एकदा पंचवीस किलोची मोटर डिकीत टाकून शटरचं दर्शन घेऊन आलोय.