वॅरिओ लँड ३ की ४?
मावसभावाला निन्टेन्डोच्या या दोन व्हिडिओ गेमांतला एकच घ्यायचाय. ३ मधे (२०००, गेम बॉय कलर या हातातल्या कन्सोलवर) २५ लेव्हल, प्रत्येकीत चार रंगांच्या चाव्या नि चार पेट्या, म्हणजे १०० खजिने, आणि इथल्या पेटीतल्या वस्तूने भलत्याच लेव्हलची वाट उघडते त्यामुळे जुन्या जागी परत जायला जाम मजा येते, पण मधेच वाट अडवणारा तो गोल्फचा मिनी-गेम (गेममधलाच छोटा खेळ)! नाणी भरा, हरलात की पुन्हा भरा. ४ मधे (२००१, गेम बॉय ॲडव्हान्स) लेव्हलला रत्नाचे चार तुकडे, बेडकाचा स्विच दाबला की घड्याळ सुरू, वेळ संपायच्या आत बाहेर पळत सुटायचं. मिनी-गेम तीन, दुकानातच, मिळालेल्या मेडलने बॉसला (शेवटच्या मोठ्या शत्रूला) मारायची वस्तू घ्या, नको तर सोडा. निवांत शोधाशोध आवडते तर ३, रोज अर्धा तासच मिळतो तर डोळे झाकून ४.