एलपीएस काढायचंय: प्रोटिनेज-के, गरम फिनॉल की पीसीपी?

ई. कोलाय किंवा साल्मोनेला या जीवाणूंच्या बाह्य पटलातलं एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड, मेद आणि साखरेच्या साखळ्यांचा रेणू) नुसतं जेलवर बघायचंय, की मिलिग्रॅममध्ये शुद्ध हवंय? पद्धत यावर ठरते. नागपुरात उन्हामुळे महिनाही बघावा लागतो.

जेलपुरतं हवं असेल तर हिचकॉक-ब्राऊनची प्रोटिनेज-के पद्धत (1983) पुरे. ओडी (गढूळपणाचं माप) 0.5 च्या दीड मिली कल्चरचा पेलेट 50 मायक्रोलिटर एसडीएस बफरमध्ये मिसळून 100 अंशांवर 10 मिनिटं ठेवा. थंड झाल्यावर 25 मायक्रोग्रॅम प्रोटिनेज-के (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) घाला आणि 60 अंशांवर तासभर ठेवा. कूमॅसीने (प्रोटीनच्या नेहमीच्या रंगाने) एलपीएस दिसत नाही; आधी पिरिऑडिक आम्ल, मग सिल्व्हर स्टेन. ओ-अँटिजेन (एलपीएसची बाहेरची साखरेची साखळी) असेल तर शिडीसारखे पट्टे चढत जातात. के-12 सारख्या रफ (ओ-अँटिजेन नसलेल्या) स्ट्रेनमध्ये फक्त तळाशी पट्टा. मध्येच जाड पट्टे उमटले तर प्रोटीन उरलंय, एन्झाइम तपासा. धुवायला नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोराइड चांदीशी साका धरतं. हा नमुना अशुद्धच असतो. पेशींवरच्या प्रयोगाला चालत नाही.

स्मूथ (ओ-अँटिजेन असलेल्या) स्ट्रेनचं शुद्ध एलपीएस हवं असेल तर गरम फिनॉल. साधारण 66 अंशांच्या वर फिनॉल आणि पाणी एकजीव होतात, म्हणून पाण्यातल्या पेशी 68 अंशांवर. तेवढंच गरम 90 टक्के फिनॉल समप्रमाणात घालून 15-20 मिनिटं ढवळा, मग बर्फात 10 अंशांखाली आणा. प्रोटोकॉलमध्ये ‘रूम टेंपरेचरला थंड करा’ असलं तरी मे महिन्यात ऐकू नका, थर नीट सुटत नाहीत. सेंट्रिफ्यूजही थंडच हवं. पॉलिकार्बोनेटच्या ट्यूब फिनॉलमध्ये विरघळतात; काच वापरा. वरचा पाण्याचा थर फिनॉलचा वास जाईपर्यंत डायलाइज करा (पडद्याच्या पिशवीतून फिनॉल पाण्यात जाऊ द्या). त्यात आरएनए भरपूर येतो. आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूज टाळू नका, नाहीतर वजन फुगतं. (फिनॉल 41 अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा नवतपात कपाटातली बाटली पातळ दिसली तर ती बिघडलेली नाही. हातमोजे मात्र हवेतच: फिनॉलने कातडी आधी बधिर होते, भाजल्याचं उशिरा कळतं.)

रफ स्ट्रेनला गॅलानोसची पीसीपी (1969): फिनॉल, क्लोरोफॉर्म, पेट्रोलियम ईथर 2:5:8, पेशी पूर्ण वाळलेल्या. हे ईथर 40-60 अंशांवर उकळणारं. पारा 45 वर असताना ते बघता बघता उडतं, प्रमाण बिघडतं, आगीचा धोका वेगळाच. त्यामुळे पीसीपी डिसेंबर-जानेवारीतच उरकावी. शेवटी पाणी थेंबाथेंबाने घाला. घाई केली तर फिनॉलचाच थर वेगळा होतो.

स्ट्रेन स्मूथ की रफ हे माहीत नसेल तर आधी प्रोटिनेज-केचा जेल चालवा, फिनॉलची ऑर्डर त्यानंतर. आणि स्मूथ असूनही ब्रुसेलाचं एलपीएस फिनॉलच्या थरात जातं, तेव्हा जेल बघेपर्यंत खालचा थर फेकू नका.