फीड रीडर, वर्षभराच्या वापरानंतर: चांगला आहे, पण त्या 55 शब्दांचं काय?

केळीवरच्या हरण्या रोगाचा एक लेख परवा रात्री मळ्यात उघडला आणि तो 55 शब्दांवर संपला. पुढे कंसात तीन टिंबं. आमचा मळा यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे फोनला रेंज आली तर आली. रात्रीची लाईट असली की मोटर चालू करून ड्रिपचे व्हॉल्व्ह बदलेपर्यंत थांबावं लागतं. त्या वेळात रेंज नसतानाही वाचता यावं, एवढ्यासाठीच मी फीड रीडर घेतला. फीड म्हणजे साइट आपले नवे लेख ज्या यादीतून पुरवते ती, आणि फीड रीडर म्हणजे ती उतरवून वाचायला देणारं ॲप. त्यामुळे राग आधी लिहितो, कौतुक नंतर.

माझ्याकडे आहे तो 'फीडर', ॲन्ड्रॉइडवरचा. फुकट आहे, खातं उघडायला लावत नाही, सगळं फोनमध्येच ठेवतो. फीडली आणि इनोरीडर या इंटरनेटवरच्या अशाच सेवा अनुक्रमे 100 आणि 150 फीडपर्यंत फुकट चालतात आणि मला तेवढी लागतही नाहीत. पण याआधी मी ज्या सेवेत लिंका जमवत होतो, तिने एक दिवस 'आम्ही बंद होत आहोत' अशी मेल पाठवली. गूगल रीडरसारखा गाजलेला रीडर 1 जुलै 2013 ला बंद झाला, तिथे लहान सेवांचा काय भरवसा? आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवायचा नाही, असं तेव्हाच ठरवलं.

सुरुवातीला हा रीडरच लेख कापतो असं वाटून मी तो काढून टाकायला निघालो होतो. भाचा पुण्यात वेबसाइटा बनवतो, त्याला फोन केला. "मामा, ॲप काही कापत नाही. साइट फीडमध्ये जेवढं देते तेवढंच ते दाखवतं," तो म्हणाला. मग त्याने जे सांगितलं त्याने माझा राग दुसरीकडे वळला. बऱ्याच साइटा ज्या वर्डप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर बनतात, त्याच्या सेटिंग्जमध्ये वाचनाचं एक पान असतं. फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा की सारांश, ते तिथे ठरतं. नवी साइट उभी केली की निवड आधीपासूनच पूर्ण मजकुरावर असते. म्हणजे सारांश जातो तेव्हा कोणीतरी मुद्दाम आत जाऊन ते बदललेलं असतं! वेगळा सारांश लिहिलेला नसेल तर वर्डप्रेस पहिले 55 शब्द उचलतं आणि टिंबं लावून मोकळं होतं.

आता 55 शब्दांत शेतीचा लेख कुठवर पोचणार? केळी हे जळगाव जिल्ह्याचं प्रमुख नगदी पीक आहे, इथपासून सुरुवात असते. आम्ही केळीच लावतो, आम्हाला ते माहीत आहे. रोग मावा या किडीमुळे पसरतो, बागेत काकडीवर्गीय वेल घेऊ नयेत, रोगट झाड उपटून नष्ट करावं, हे कामाचं सगळं टिंबांच्या पलीकडे राहतं. जाहिराती दिसाव्यात म्हणून साइटवाले असं करतात, हे समजतं. पण ज्याच्याकडे त्या वेळी रेंजच नाही, त्याला ना लेख मिळतो ना तुमची जाहिरात दिसते.

यावर उपाय आहे, आणि तो सापडल्यापासून माझं मत बरंच बदललं. फीडरमध्ये प्रत्येक फीडला 'पूर्ण लेख आपोआप आणा' असा पर्याय देता येतो. मग रीडर स्वतः त्या पानावर जातो आणि जाहिराती, मेनू वगळून लेख तेवढा उचलून आणतो. मी हे फक्त सारांश देणाऱ्या फीडना लावलंय, कारण त्यात डेटा जास्त जातो. शिवाय 'फक्त वायफायवर' हाही पर्याय चालू ठेवलाय. घरी जेवताना सगळं उतरतं आणि मळ्यात रिचार्जमधलं काही जात नाही. जिथे लॉगिन लागतं किंवा पान उघडल्यावर मजकूर मागाहून भरला जातो, तिथे मात्र हे चालत नाही. परवाचा लेख त्यातलाच. त्या साइटवाल्यांना मी मेल केली आहे. बदललं नाही तर कांदेबागेच्या, म्हणजे केळीच्या पावसाळ्यानंतरच्या लागवडीच्या, आधी ते फीड काढून टाकणार.

काटकसरीच्या माणसाला या पद्धतीतलं एक फार आवडेल. रीडर साइटला विचारतो, मागच्या वेळेपासून काही बदललं का? काही बदललं नसेल तर नीट बांधलेली साइट फक्त '304' एवढं उत्तर देते, फाइल पुन्हा पाठवतच नाही. रोजच्या दीड जीबीत घर चालवणाऱ्याला हे कळतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तोच केळीभावाचा फोटो दहा जण पाठवतात, तसं इथे होत नाही.

एक त्रास फोनचा होता. बॅटरी वाचवायच्या नादात फोन रीडरला मागे चालूच देत नव्हता. चार दिवसांनी उघडावं तर काही आलेलंच नाही. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटच्या 10 नोंदी असतात. साइट रोज भरपूर लिहिणारी असेल तर मधलं सगळं निसटतं, ते परत मिळत नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये रीडरवरचे निर्बंध काढल्यावर हे थांबलं. नवीन घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी तेवढं करावं.

यूट्यूबचंही चालतं, हे मला उशिरा कळलं. प्रत्येक चॅनेलला फीड असतं आणि त्यात शेवटचे 15 व्हिडिओ येतात. शेतीचे तीन-चार चॅनेल मी तिथूनच बघतो, त्यामुळे भलतंसलतं पुढे येत नाही आणि घरच्या पोरांचाही वेळ वाचतो.

लिंका जपण्याचं म्हणाल तर लेखावर खूण केली की तो जुन्यांच्या सफाईत जात नाही. पण सगळं फोनमध्येच असल्याने फोन गेला तर खुणाही गेल्या. म्हणून फार महत्त्वाचा लेख मी पीडीएफ करून ठेवतो. फीडच्या पत्त्यांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये निघते. काही केबीची साधी मजकुराची फाइल, जवळपास कुठल्याही रीडरमध्ये चालते. दर महिन्याला काढून ती स्वतःलाच मेल करतो.

ज्याला बातमी त्याच क्षणी हवी, त्याने याच्या नादी लागू नये, दर मिनिटाला काही येत नाही. ज्याला निवडक साइटा निवांत वाचायच्या आहेत आणि ज्याच्या शेतात रेंज नाही, त्याने आजच घ्यावा. आणि वर्डप्रेसवर लिहिणाऱ्यांनो, सेटिंग्ज उघडा, वाचन निवडा, फीडसमोर पूर्ण मजकूर करा. मिनिटभराचं काम आहे, एवढं करा.