मनोरा की विहीर? ड्वार्फ फोर्ट्रेस, आठ महिन्यांनंतर

परवा लॅपटॉप पुन्हा गचकला म्हणून लिहायला बसलो. मे महिना, जळगाव, दुपारचे तीन, आणि मी ड्वार्फ फोर्ट्रेस या कॉम्प्युटर गेमला नवं जग बनवायला लावलेलं. त्या जगाचा अडीचशे वर्षांचा इतिहास रचता रचता पंख्याने असा सूर धरला की खिडकीतला कूलर गप्प वाटावा. मग अंधार. दुकानवाल्याने मदरबोर्ड बदला म्हणून साडेनऊ हजार सांगितले. तसाच उठून आलो. धुळ्याच्या मावसभावाने पंख्यातला बोटभर धुरळा ब्रशने काढला आणि लॅपटॉप चालू. चहाच्या पैशांत भागलं. त्या दुपारी गेमला दिलेल्या शिव्या परत घेतो.

बुटक्यांकडून किल्ला बांधून घ्यायचा, त्यांना दारू पुरवायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वस्ती वाढली की गेम बैलगाडी होतो, तेही. माझं दुखणं वेगळं आहे. माणसांच्या शहरांत पैसेवाल्या लोकांचे मनोरे असतात ना, ते.

जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅडव्हेंचर मोड, म्हणजे एकच पात्र घेऊन जगभर हिंडायचा प्रकार, पक्का झाला, आणि मी किल्ला सोडून भटकायला लागलो. मनोरा सापडला. पण दिसेना! सगळं वरून बघायचं, एका वेळी एक मजला. भिंतींचं कडं, आत जिना, संपलं. मी आमच्या जिल्ह्यातल्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांखाली मान दुखेस्तोवर वर बघितलेला माणूस. इथे श्रीमंताने एवढा खर्च करून उंच बांधायचं आणि खालून जाणाऱ्याला त्याचा पायाच दिसायचा? चित्रांऐवजी नुसती अक्षरं दाखवणारी क्लासिक आवृत्ती फुकट मिळते, खेळ तोच. मी चित्रांसाठी पैसे मोजले होते, म्हणून जास्त झोंबलं.

एका रात्री बाबा मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "काय रे, हीर खंदी राह्यना का?"

हसलो, पण डोक्यात ते बसलं. विहिरीचीही खोली नुसती बघून कळत नाही, पायऱ्या मोजाव्या लागतात. तेव्हापासून मी मनोरा मोजत चढतो. एकदा घाईत वरून उडी मारली. पडल्यावर कुठलं हाड मोडलं, याचा एकेक ओळीचा पंचनामा आला. दोन्ही पाय गेले. मग शहराच्या वेशीपर्यंत सरपटत. जी उंची चित्रात दिसत नव्हती, ती तिथे चांगलीच कळली.

नंतर लेजंड्समध्ये, म्हणजे गेमने रचलेल्या इतिहासाच्या नोंदींत, त्या मनोऱ्याच्या मालकाला शोधलं. व्यापारी. त्याची लग्नं, मुलं, भांडणं, सगळी सालवार नोंद. आणि मेला कसा, तर गावाबाहेर एका लांडग्याच्या तोंडी. एवढा उंच मनोरा असून बाहेर कशाला गेला होता, देव जाणे.

तरी उंचीची तक्रार मी सोडलेली नाही. बाजूने बघायची साधी सोय हवी. घेणाऱ्याने आधी क्लासिक महिनाभर खेळावी. अक्षरांनी डोकं उठलं तरच पैसे काढावेत, तेही सेल लागल्यावर. आणि उन्हाळ्यात जग छोटं बनवा.

बाबा आता रोज जेवण झाल्यावर दारात उभे राहून विचारतात, "पानी लागनं का?"